डोहाळे आणि दोघांचे घर

अमरावतीजवळचे भातकुली हे गाव जैन बांधवांना आदिनाथांचे क्षेत्र म्हणून परिचित आहे. पुराणकथांची आवड असणारे लोक तेथे रुक्मीची भोजकट नगरी पाहतात. रुक्मिणीला परत आणल्यावाचून कुंडिनपुरात पाऊल टाकणार नाही अशी प्रतिज्ञा करून निघालेला हा भाऊ पराभूत झाला आणि वाटेतच नवे नगर वसवून राहिला, अशी ती कथा. आम्हांला मात्र या गावाच्या नावाचे वेगळेच कौतुक वाटत आले आहे. भातकुली आणि भातुकली या दोन शब्दांत एका उकाराची जागा तेवढी बदलते. उकार थोडा अलीकडे सरकवला की गावाचा खेळ होतो, आणि खेळही कोणता, तर घर-संसाराचा.

या गावाच्या परिसरातील एका घरी डोहाळजेवणास जाण्याचा योग आम्हांला आला होता. सातवा महिना होता. अंगणात फुलांनी सजविलेला झोपाळा होता. हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांच्या वाड्या, झाकलेल्या दोन वाट्यांतील पेढा आणि बर्फी हे सारे यथासांग पार पडले. मग वडीलधाऱ्या स्त्रियांनी डोहाळ्यांची गाणी धरली. पहिल्या महिन्यापासून नवव्यापर्यंत एकेक पायरी चढत जाणारी ती गाणी वाचकांनीही आपापल्या घरी ऐकली असतील. कैरी, चिंच, बोरे, भाजलेल्या मातीचा वास, चांदण्यातले जेवण, नावेतला फेरफटका, अशी मागण्यांची माळ गुंफली जाते. ऐकता ऐकता आमच्या मनात प्रश्न आला : या गाण्यांत नवरा कोठे आहे?

तो आहे, पण केवळ आणून देणारा म्हणून. फळ तो आणतो, साडी तो आणतो, नाव तो ठरवितो. बोलत मात्र तो नाही. गाणे बायकोच्या जिभेचे आहे, सासूच्या कौतुकाचे आहे, नणंदेच्या थट्टेचे आहे. ज्याच्या आयुष्यातही तितकीच मोठी उलथापालथ होऊ घातली आहे, त्याच्या भीतीला आणि उत्सुकतेला तेथे एक ओळही मिळत नाही. त्या संध्याकाळी तो तरुण आम्हांला अंगणात दिसला नाही. तो का दिसला नाही, ते पुढे सांगू.

डोहाळे हा शब्द संस्कृत 'दोहद' या शब्दाशी नाते सांगतो. गर्भवतीला सुश्रुताने 'दौहृदिनी' म्हटले आहे. चौथ्या महिन्यापासून ती दोन हृदयांची होते आणि तिची इच्छा डावलू नये, असे तो सांगतो. ही दोन हृदये आईची आणि बाळाची. शास्त्राच्या या गणितात तिसऱ्या हृदयाची मोजदाद नाही.

काव्यात ती झाली का? कालिदासाने 'रघुवंशा'च्या तिसऱ्या सर्गात प्रयत्न केला आहे. सुदक्षिणेला माती खावीशी वाटते. दिलीप तिच्या मुखाचा तो मृद्गंध घेतो आणि तृप्त होत नाही. राणी लाजाळू, काही मागत नाही. म्हणून हा चक्रवर्ती राजा तिच्या सख्यांना पुन्हा पुन्हा विचारतो, 'तिला काय हवे आहे?' चित्र लोभस आहे यात शंका नाही. परंतु नीट पाहिले तर येथेही राजा-राणीचा संवाद नाही. मध्ये सख्या आहेत. आमच्या गाण्यांतील आणून देणारा नवरा कालिदासाच्या घरी राजवस्त्रे लेऊन उभा आहे, एवढाच फरक.

अपत्याची वाट पाहणारे जोडपे रंगमंचावर आणून त्याला भरपूर बोलू देणारा नाटककार आम्हांला भेटतो तो भवभूती, आणि तो आपल्या विदर्भाचा आहे. आठव्या शतकातील हा कवी स्वतःचे कूळ विदर्भातील पद्मपूरचे असल्याचे सांगतो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर होय असे प्रतिपादन केले. ते स्थळ आज गोंदिया जिल्ह्यात मोडते. त्याच्या 'उत्तररामचरिता'ची चर्चा होते ती बहुधा तिसऱ्या अंकातील करुण रसासाठी. आम्ही मात्र वाचकांचे लक्ष पहिल्या अंकाकडे वेधू इच्छितो. कारण तो, आमच्या मते, वाट पाहणाऱ्या दांपत्याच्या गृहजीवनाचा अंक आहे.

परिस्थिती कशी आहे पाहा. राज्याभिषेकाचे पाहुणे परतले आहेत. जनक मिथिलेस गेल्याने सीता खिन्न आहे. माहेरचे माणूस निघून गेल्यावरची ही खिन्नता कोणत्याही लेकीला ओळखीची वाटेल. सासवा आणि गुरुजन ऋष्यशृंगाच्या यज्ञाला गेलेले. म्हणजे एवढ्या मोठ्या राजवाड्यात घरचे असे राम, सीता आणि धाकटा दीर तेवढे उरले आहेत. दुरून वडिलांचे निरोप येतात. अरुंधती आणि शांता कळवितात की सीतेला जे डोहाळे होतील ते रामाने तत्काळ पुरवावेत. वसिष्ठ कळवितात की प्रजेला संतुष्ट ठेवावे. एकाच दूताच्या तोंडी आलेले हे दोन निरोप पुढे एकमेकांवर आदळणार आहेत, हे भवभूतीला ठाऊक आहे. घरातल्या माणसांना नाही. राम सहज बोलून जातो की लोकांच्या संतोषासाठी वेळ पडली तर मी जानकीचाही त्याग करीन. आणि सीता त्यावर पतीचे कौतुकच करते.

यानंतर लक्ष्मण चित्रे दाखवावयास नेतो. येथे हा अंक एखाद्या घरगुती संध्याकाळीसारखा होतो. जुना छायाचित्रांचा संग्रह उघडून नवरा-बायको बसावीत, तसेच हे. विवाहप्रसंगाच्या चित्रात लक्ष्मण सीतेकडे, मांडवीकडे, श्रुतकीर्तीकडे बोट दाखवितो आणि स्वतःच्या बायकोला तेवढी वगळतो. सीता हळूच विचारते, 'आणि ही दुसरी कोण?' दीर लाजतो. शूर्पणखेच्या चित्राशी सीता दचकते. राम समजावतो की हे चित्र आहे. मंथरेचा प्रसंग येतो तेव्हा राम काही न बोलता पुढच्या चित्राकडे वळतो. घरातील जुन्या जखमा अशाच तर टाळल्या जातात! मग सीतेला डोहाळा होतो : पुन्हा त्या वनांत हिंडावे, भागीरथीत स्नान करावे. राम लगेच धक्के न बसणारा रथ सिद्ध करावयास सांगतो. 'तुम्हीही याल ना?' असे ती विचारते. हे काय विचारणे झाले, असे तो लटक्या रागाने म्हणतो. आणि थकलेली सीता त्याच्या बाहूवर डोके ठेवून झोपी जाते.

इतक्यात दुर्मुख लोकांतील कुजबुज घेऊन येतो.

या प्रसंगावर आजवर पुष्कळ लिहिले गेले. रामाने राजधर्म पाळला की पत्नीधर्म मोडला, यावर पक्ष पडले. आमचे म्हणणे त्याहून लहान आहे, आणि म्हणूनच कदाचित महत्त्वाचे. रामाने तिला उठविले नाही. सारा अंकभर जो नवरा बायकोशी बोलत होता, थट्टा करीत होता, तिची भीती घालवीत होता, तो जेव्हा खरोखर बोलण्याची वेळ आली तेव्हा गप्प झाला. तिच्या पायांवर मस्तक ठेवण्याइतका तो विव्हल झाला. पण तिच्या खांद्याला हात लावून 'ऊठ, असे असे झाले आहे' एवढे त्याने म्हटले नाही.

यावर कोणी म्हणेल, सांगून काय फरक पडला असता? थोड्या वेळापूर्वी सीतेनेच त्या प्रतिज्ञेचे कौतुक केले होते. ती कदाचित आपण होऊन रथात बसली असती. अगदी खरे. परंतु त्यामुळे रामाचा दोष कमी न होता वाढतो, असे आम्हांस वाटते. जी स्त्री संमती देण्याची शक्यता होती, तिच्याकडून संमती देण्याचा अधिकारही काढून घेतला गेला. ती जागी होते, नवरा जवळ नाही असे पाहते, आता मी त्यांच्यावर रागावेन, त्यांना पाहून राग टिकला तर, असे पुटपुटते आणि डोहाळा पुरवावयास आलेला म्हणून त्याच रथात चढते. डोहाळ्याचे रूपांतर सापळ्यात होते. ही कल्पना भवभूतीला पूर्वसूरींकडून मिळाली होती. वाल्मीकीतही आणि कालिदासातही सीतेचा डोहाळा हेच त्यागाचे निमित्त होते. त्याआधीची घरगुती संध्याकाळ मात्र भवभूतीने सजविली. ती नसती तर त्याग ही एक राजकीय घटना राहिली असती. ती आहे म्हणून तो एक घर मोडल्याचा आवाज होतो.

ख्रिस्ती वाचकाला हे वाचताना दुसऱ्या एका दांपत्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. तुलना धर्मांची नव्हे, दोन कथांच्या रचनेची आहे, हे आम्ही आरंभीच स्पष्ट करतो. संत मत्तयाच्या शुभवर्तमानात योसेफापुढेही लोकापवादाचाच प्रश्न उभा आहे. तोही नीतिमान आहे. तोही प्रथम एकट्यानेच निर्णय घेतो : बोभाटा न करता तिला गुपचूप सोडून द्यावे. येथेही संवाद नाही. भेद पुढे आहे. भवभूतीकडे पत्नी झोपलेली असते आणि जागा असलेला पती चुकतो. शुभवर्तमानात झोपलेला असतो तो पती. स्वप्नात त्याला सांगितले जाते की भिऊ नकोस, तिला घरी आण. तो जागा होतो आणि तसे करतो. 'भिऊ नकोस' या शब्दांकडे आम्हांला मुद्दाम लक्ष वेधावेसे वाटते. नीतिमान पुरुषाच्या कठोरपणाखाली भीती असते, हे निदान तेथे अचूक झाले आहे.

तरीही साहित्याच्या दृष्टीने एक उणीव राहते. चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एकही वाक्य नाही. नाझरेथपासून बेथलेहेमपर्यंतचा एवढा लांबचा प्रवास, दिवस भरत आलेली पत्नी, उतारशाळेत जागा नाही. दोघे काय बोलले असतील? ग्रंथ मौन पाळतो. ज्या गाढवावर मरियेला बसविल्यावाचून आमचे नाताळचे चित्र पुरे होत नाही, त्याचाही उल्लेख तेथे नाही. ते चित्रकारांच्या आणि भाविकांच्या कळवळ्याने आणले. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ही कथा १६१६ साली छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त मराठी ओवीत आणली, आणि मराठी माणसाला हे जोडपे आपल्या भाषेत भेटले. त्या दिवसांतील घरगुती बोलणे मात्र पुढील मराठी लेखकांनी लिहावे म्हणून जणू शिल्लकच राहिले.

ते लिहिण्याचे धैर्य एका बाईने केले. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. त्यात रेव्हरंड टिळकांसारखा कवी नवरा आहे. पण तो आणून देणारा मूक पुरुष नाही. तो चिडतो, विसरतो, रुसतो, पश्चात्ताप करतो आणि मुख्य म्हणजे बोलतो. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगले. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी तो घेतला. हा मधला काळ वाचताना आम्हांला सीतेच्या वनवासाची आठवण होते. फरक इतकाच की येथे वनवासातली बाई स्वतः लेखणी धरते आणि नवऱ्याला हसतही हसते. भवभूतीच्या सीतेला तिसऱ्या अंकात अदृश्य राहून नवऱ्याचे रडणे ऐकावे लागते; लक्ष्मीबाई अदृश्य राहण्याचे नाकारतात. मराठी गद्यातील दोघांच्या घराचा पाया आम्ही येथे मानतो.

आता भातकुलीकडे परत वळू. त्या संध्याकाळी गाणी संपत आली तेव्हा तो तरुण मोटारसायकलवर दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे कॅन बांधून आला. पूर्णेच्या खोऱ्यातील हा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारे. त्या दिवशी नळ आला नव्हता. 'गोडं पानी आनाले गेलो होतो, मामी,' एवढेच तो संकोचाने म्हणाला आणि कॅन उतरवू लागला. झोपाळ्यावर बसलेल्या मुलीने सगळ्यांदेखत विचारले, 'जेवले का तुमी?' बायका हसल्या. गाणे थांबले होते, म्हणून ते दोन्ही वाक्ये आम्हांला ऐकू आली.

आमची तक्रार गाण्यांविषयी नाही. ती गोड आहेत आणि गायिली जावीत. आमचे मागणे एवढेच की त्यांत आणखी एक कडवे असावे. कैरी मागणाऱ्या स्त्रीचे आहे, तसे गोड्या पाण्यासाठी दूर जाऊन आलेल्या पुरुषाचे. आणि त्यानंतर ती दोघे एकमेकांना काय विचारतात, याचे. ज्या घरात साध्या गोष्टी विचारण्याची सवय असते, त्या घरात संकटाच्या रात्री झोपलेल्याला उठविण्याचीही सवय राहते. भवभूतीच्या अयोध्येत थट्टा होती, प्रेम होते, डोहाळा पुरविण्याची घाईही होती. उणीव फक्त एका हाकेची होती.