सतरा वर्षांचा उशीर

मराठी अद्भुतरम्य कादंबरीचा इतिहास मराठी कादंबरीइतकाच जुना आहे. ‘मुक्तामाला’ १८६१ची, ‘मंजुघोषा’ १८६८ची, नाथमाधवांची ‘वीरधवल’ १९१३ची. अद्भुत म्हटले की घटनांचा वेग, ही अपेक्षा आपल्या वाचकाच्या अंगवळणी पडली आहे. त्यामुळे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा मुग्धा कर्णिक यांनी केलेला अनुवाद ‘स्वामी मुद्रिकांचा’ वाचायला घेतलेले आमच्या पिंप्राळ्यातले मित्रही म्हणतात, ‘गोष्ट पुढे सरकतच नाही.’

निरीक्षण खरे आहे, पण तो दोष मानणे मला पटत नाही.

टॉल्किनचे ‘द हॉबिट’ १९३७चे. त्यात बिल्बोला अंधारात मुद्रिका सापडते. ती घातली की माणूस अदृश्य होतो. संकटातून सुटण्याची एक सोय, एवढेच तिचे मोल. प्रकाशकाने उत्तरभाग मागितला, त्याच डिसेंबरात टॉल्किनने लेखन सुरू केले आणि पहिला खंड निघाला १९५४ साली. योगायोग असा की, कथेतही बिल्बो मुद्रिका फ्रोडोकडे सोडून जातो तेव्हापासून तिचे खरे रूप उघड होईपर्यंत सतरा वर्षेच जातात. २००१च्या चित्रपटात हा काळ जाणवतही नाही.

या काळात गँडाल्फ काय करतो? गोलमचा माग काढतो, मिनास तिरिथच्या दप्तरखान्यात इसिल्दुरने लिहून ठेवलेला मजकूर वाचतो आणि शेवटी मुद्रिका चुलीत टाकून तिच्यावरची अक्षरे पाहतो. म्हणजे कथानायक निघण्यापूर्वी एक संशोधन पुरे व्हावे लागते. खेळण्यासारखी वाटलेली वस्तू विनाशाचे मूळ आहे, हे धावत्या कथेत सांगता आले असते. पटवता आले नसते.

आणखी एक पुरावा पाहण्याजोगा आहे. ‘द हॉबिट’च्या पहिल्या आवृत्तीत गोलम कोड्यांच्या पैजेत मुद्रिका स्वतःहून बक्षीस म्हणून लावतो. १९५१च्या आवृत्तीत टॉल्किनने ते प्रकरण बदलले. आता ती हरवल्यावर गोलम ‘चोर’ म्हणून आक्रोश करतो. जुना तपशील बिल्बोने रचून सांगितला होता, असे उत्तरभागात ठरते. उत्तरभागाने पूर्वभागच दुरुस्त करून घेतला!

सगळाच संथपणा असा सार्थ नाही. टॉम बॉम्बाडिलच्या घरचा मुक्काम वगळला तरी मुख्य कथेचे फारसे बिघडत नाही. एल्राँडच्या सभेचे प्रकरण मात्र जवळजवळ सगळे बोलण्याचेच असूनही आवश्यक आहे. तिथे प्रत्येकाच्या साक्षीने फ्रोडोवरचा भार वाढत जातो. आमच्याकडे रथोत्सवात चाकाखाली मोगरी लावणारे असतात. त्यांच्यामुळे रथ हळू चालतो, पण वळणही त्यांच्यामुळेच घेतो.

कंटाळून पुस्तक मिटणाऱ्यांना एवढेच सुचवतो: दुसरे प्रकरण संपल्यावर ‘द हॉबिट’मधले कोड्यांचे प्रकरण पुन्हा वाचावे. बिल्बो मुद्रिका सहज खिशात टाकतो, ते वाक्य आता पूर्वीसारखे वाचता येत नाही.