चेटकीण म्हातारी का होत नाही?

१९५९ हे वर्ष बालरंजनाच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावे असे आहे. 'द विझर्ड ऑफ ऑझ' हा १९३९चा अमेरिकन संगीतपट त्या वर्षापासून तिथल्या दूरचित्रवाणीवर जवळजवळ दरवर्षी दिसू लागला. इकडे मुंबईत सुधा करमरकरांच्या 'लिटल थिएटर'ने रत्नाकर मतकरींचे 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणले. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. पण अद्भुतरम्य बालकृती टिकते कशी, याचे उत्तर मला त्या शेजारी ठेवल्यावर मिळाले.

'ऑझ'च्या टिकाऊपणाचे श्रेय गाण्यांना आणि रंगांना दिले जाते. मात्र पहिल्या प्रदर्शनात तो तोट्यात गेला होता. गाणी आणि रंग तेव्हाही तेच होते. तो अभिजात ठरला तो पुनःपुन्हा पाहिला गेल्यामुळे. लहानपणी त्यातल्या चेटकिणीला भ्यालेले आईबाप आता भिणाऱ्या पोराशेजारी बसू लागले. भीतीचा असा वारसा घरात तयार झाला.

मराठीत हे मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'ने केले. दिलीप प्रभावळकरांची चेटकीण पाहिलेली पिढी २०१८मध्ये चिन्मय मांडलेकर दिग्दर्शित नव्या संचातल्या वैभव मांगलेंच्या चेटकिणीसमोर मुलांना घेऊन बसली. आपल्या चेटकिणीचे एक वेगळेपण आहे. 'ऑझ'मधली मार्गारेट हॅमिल्टनची चेटकीण निव्वळ भिववते. तिची काही दृश्ये त्यासाठीच कापावी लागली. आपली चेटकीण म्हणजे लुगड्यातला पुरुष नट. त्यामुळे भीती आणि हसू एकाच वेळी येते, आणि भीती सोसायला मूल शिकते.

मी हे बीड जिल्ह्यातून लिहितो आहे. हा दिवाळी अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा इथली हजारो कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला निघालेली असतील; बरीच मुले त्यांच्यासोबत, उरलेली आजी-आजोबांकडे. 'ऑझ'मध्ये बादलीभर पाण्याने चेटकीण विरघळते. त्या बादलीचे मोल या मुलांना समजावून सांगावे लागणार नाही. घरी परतण्यासाठी डोरोथीची चाललेली धडपडही त्यांना कळेल. कळणार नाही ते एवढेच, की अशी गोष्ट दरवर्षी भेटायला येऊ शकते.

अभिजात कृती दुसऱ्या भेटीत जन्मते, असे माझे मत आहे. जिथे पहिलीच भेट होत नाही, तिथे नाटकाचे अमरत्व ही केवळ वर्तमानपत्रातली बातमी असते. म्हणून नाट्यसंस्थांना एकच सांगणे आहे: आमच्याकडचे प्रयोग दिवाळीच्या सुट्टीत लावू नका. पाडव्यानंतर, टोळ्या गावी परतल्या की लावा. आणि पुढच्या वर्षी पुन्हा या.