डायोडची उणीव कुणी अंगावर घेतली?

दौंड जंक्शनवर २५ हजार व्होल्टच्या तारेखाली उभ्या असलेल्या विजेच्या इंजिनाला ०.७ व्होल्टची फिकीर नसते. शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीत एखाद्या मोटारीच्या बेअरिंगची थरथर मोजायची, तर सेन्सरकडून येतात काही मिलिव्होल्ट. सिलिकॉनचा डायोड ०.६-०.७ व्होल्टशिवाय वाहतच नाही; एवढासा सिग्नल त्याच्यापाशीच जिरतो. त्याला सहीसलामत एकदिश करणारा प्रिसिजन रेक्टिफायर ही मला फार देखणी रचना वाटते.

त्याच्या आकृतीत आधी पाहावी ती डायोडची जागा. तो ऑप-अँप या प्रवर्धकाच्या आउटपुटपुढे आहे, पण फीडबॅकच्या वळशाच्या आत. दोन्ही इनपुट समान राखणं हा ऑप-अँपचा धर्म. म्हणून १० मिलिव्होल्ट आले की त्याचं आउटपुट आपण होऊन डायोडला हवं तेवढं वर चढतं आणि पलीकडे नेमके १० मिलिव्होल्ट पोचवतं. डायोड होता तसाच आहे. त्याची उणीव ऑप-अँपने अंगावर घेतली. फेअरचाइल्डमध्ये डेव्ह फुलागर यांनी रचलेल्या, १९६८ च्या ७४१ या ऑप-अँपचा गेन दोन लाखांच्या घरातला. ०.७ ला त्याने भागा: उंबरठा उरतो साडेतीन मायक्रोव्होल्ट.

पण ऋण अर्धचक्रात डायोड बंद होतो, वळसा तुटतो आणि आउटपुट उणे १३ व्होल्टच्या आसपास जाऊन अडकतं. ७४१ मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्टच सरकतो; परतायला सुमारे २७ मायक्रोसेकंद. १० किलोहर्ट्झचं अर्धचक्रच ५० मायक्रोसेकंदांचं, म्हणजे निम्म्याहून जास्त वाया.

यावरचा उपाय हे या रचनेचं मर्मस्थळ. सिग्नल इन्व्हर्टिंग इनपुटला द्यायचा आणि दुसरा डायोड जोडायचा. आउटपुटला हा डायोड काहीच देत नाही. पहिला गप्प असताना वळसा जुळलेला ठेवतो, एवढंच. प्रवास १.४ व्होल्टचा उरतो, तीनेक मायक्रोसेकंदांत संपतो.

पुढचा ऑप-अँप मूळ सिग्नलमध्ये हा उलटा अर्धतरंग दुप्पट करून मिळवतो आणि बेरीज उलटवतो. धन असो वा ऋण, हाती येतं केवलमूल्य. त्यासाठी रेझिस्टर मात्र काटेकोर जुळलेले हवेत.

आज हे काम मायक्रोकंट्रोलर सहज करतो. तरीही विद्यार्थ्यांनी पहिल्या ७४१ च्या सहाव्या पिनवर ऑसिलोस्कोपचा प्रोब ठेवावाच. शून्यापाशी तिथे १.४ व्होल्टची उडी दिसते, आणि अंतिम आउटपुटवर तिचा मागमूस नसतो.