‘साबर बोंडं’

श्री. रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ ह्या मराठी चित्रपटास २०२५ सालीं अमेरिकेंतील सनडान्स महोत्सवांत परदेशी कथाचित्रांचें सर्वोच्च पारितोषिक मिळालें. पारितोषिकाचा गाजावाजा पुष्कळ झाला. चित्राचा विचार त्या मानानें थोडाच झाला, असें आम्हांस वाटतें.

पिता वारल्यामुळें मुंबईचा आनंद सुतकाचे दहा दिवस गांवीं काढतो, आणि बालमित्र बाळ्याशीं त्याचा स्नेह पुन्हां जुळतो. एक शोकानें खचलेला, दुसरा लग्नाच्या तगाद्यानें गांजलेला. त्यांच्या जवळिकींत अवघडलेपण आहे, व तें झांकण्याची दिग्दर्शकास घाई नाहीं. कॅमेरा बहुधा जागचा हलत नाहीं. पार्श्वसंगीत मुळींच नाहीं. शोक कोठें सरला आणि अनुराग कोठें उपजला, हें प्रेक्षकानेंच ताडावें.

कथा घाटावरच्या कोरड्या मुलखांतली. पण मालवण-वेंगुर्ल्याच्या चाकरमान्यास ती परकी वाटूं नये. सुतकाच्या घरींहि ‘लग्नाचें काय?’ म्हणून विचारणारे आप्त आमच्या किनाऱ्यावर कांहीं कमी नाहींत! खरा काळोख आम्हांस येथेंच दिसला; कारण हे आप्त दुष्ट नव्हेत, चांगले मायेचे लोक आहेत. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं अशा संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. ओटीवरचा प्रश्न तसाच राहिला. आईला मुलाचें मर्म ठाऊक असूनहि भावकीपुढें तिला शब्द जपून वापरावे लागतात.

बाळ्याचें घर मात्र आम्हांस अपुरें वाटलें. आनंदच्या आईस लाभला तेवढा अवसर त्याच्या आईबापांस नाहीं.

चित्र कुटुंबासह पाहावें काय, असें एका स्नेह्यांनीं विचारलें. वडीलधाऱ्यांस आधीं न्यावें, असें आम्हीं सुचविलें.