डॉसकालीन खेळांची नवी वेष्टने : सोय आणि जतन यांतील अंतर

प्रस्तावना :
एमएस-डॉस ही प्रणाली १९८१ साली वैयक्तिक संगणकाबरोबर आली आणि पुढील सुमारे दीड दशक संगणकीय खेळांची मोठी निर्मिती तिच्यावरच झाली. आजच्या ६४-बिट विंडोजवर हे १६-बिट खेळ थेट चालत नाहीत. म्हणून मूळ खेळ, जुन्या संगणकाचे अनुकरण करणारी आज्ञावली आणि तयार सेटिंग एकत्र बांधून एका क्लिकवर चालणारे पॅकेज तयार करण्याची पद्धत रूढ झाली आहे. अशा पॅकेजकडे केवळ तांत्रिक सोय म्हणून न पाहता संपादनाचा एक प्रकार म्हणून पाहावे आणि त्याची चिकित्सा त्याच निकषांवर व्हावी, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

वेष्टनकाराचे निर्णय :
बहुतेक पॅकेजचा पाया असलेली डॉसबॉक्स ही मुक्त आज्ञावली २००२ साली प्रथम प्रसृत झाली. प्रोसेसरचा वेग, व्हीजीए पटल, साउंड ब्लास्टर ध्वनिकार्ड यांचे ती अनुकरण करते. २०१५ साली इंटरनेट अर्काइव्हने दोन हजारांहून अधिक डॉस-खेळ ब्राउझरमध्येच खेळण्याची सोय केली, ही कामगिरी निःसंशय मोठी आहे. तथापि प्रत्येक पॅकेजमागे काही निर्णय दडलेले असतात. अनेक खेळांची गती प्रोसेसरच्या वेगाशी बांधलेली असते. तो वेग वेष्टनकार ठरवतो. ३२० × २०० बिंदूंचे चित्र ४:३ प्रमाणाच्या पडद्यासाठी रेखाटलेले असते. ते आजच्या रुंद पडद्यावर ताणले की आकृत्या बुटक्या दिसतात. १९९० साली डॉसवर आलेल्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'त पहिल्या टप्प्यानंतर माहितीपुस्तिकेतील अक्षर ओळखावे लागे. पुस्तिका वगळली तर खेळ तेथेच अडतो आणि ती अट काढून टाकली तर मूळ संहिता बदलते. पाठचिकित्सेत संपादक असा प्रत्येक बदल नोंदवतो. वेष्टनकार मात्र बहुधा मौन पाळतो.

अध्यापनातील प्रत्यय :
या मौनाचा परिणाम खेळापुरता सीमित नाही. टर्बो सी++ हे डॉसकालीन साधन याच डॉसबॉक्सच्या वेष्टनात आपल्या अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत वापरले गेले. सी++ भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय मानक १९९८ साली निश्चित झाले. हे साधन त्यापूर्वीचे आहे. वेष्टनामुळे ते नव्या संगणकावर सहज उघडते आणि त्याचे जुनेपण झाकले जाते. परिणामी मानकपूर्व लेखनपद्धतीच विद्यार्थी प्रचलित समजून शिकतो. जुन्या खेळाचे जुनेपण सर्वांना दिसते. साधनाचे दिसत नाही, म्हणून येथे नोंदीची गरज अधिक आहे.

मराठीचा प्रश्न :
मराठी संगणकीय साहित्याबाबत अडचण याहून मूलगामी आहे. आयआयटी, कानपूर येथे विकसित झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने प्रसृत केलेल्या जिस्ट कार्डामुळे डॉसवर देवनागरी उमटत असे. जगभर खपलेल्या कार्डांचे अनुकरण खेळप्रेमींनी स्वयंस्फूर्तीने केले. जिस्ट कार्डाचे अनुकरण डॉसबॉक्सच्या मूळ आवृत्तीत नाही. इस्की संकेतातील मजकूर युनिकोडमध्ये परिवर्तित करता येतो, परंतु तो ज्या पटलावर व ज्या मांडणीत लिहिला गेला, ते रूप परत येत नाही. महानुभावांच्या पोथ्या सुरक्षित राहूनही सकळ लिपीची किल्ली इतिहासाचार्य राजवाडे यांनी उलगडेपर्यंत अभ्यासकांना वाचता येत नव्हत्या. प्रत टिकली तरी वाचनाचे साधन टिकले नाही, तर जतन अपूर्णच राहते.

समारोप :
सारांश, पॅकेज हे जतनाचे पहिले पाऊल आहे, अंतिम नव्हे. मूळ प्रत अबाधित ठेवणे, केलेले बदल व आवृत्ती नोंदवणे आणि माहितीपुस्तिका सोबत देणे हे किमान निकष मानले पाहिजेत. काटोलसारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांनाही यात कार्य करता येईल. ग्रंथालयात वा कार्यालयात जुन्या फ्लॉपी आणि कार्डे आढळल्यास ती भंगारात जाण्यापूर्वी त्यांची सूची करावी आणि फ्लॉपीवरील मजकूर वाचला जात आहे तोवरच त्याची प्रत घ्यावी. खेळांना त्यांचे रसिक लाभले, म्हणून ते तरले. मराठीच्या डॉसकालीन साहित्याला असा रसिकवर्ग नाही. त्याची जबाबदारी अभ्यासकांनाच स्वीकारावी लागेल.