मराठी ऐतिहासिक कादंबरीतील दुर्गम प्रदेश : मोचनगड आणि जावळी

मराठी ऐतिहासिक कादंबरीचा आरंभ एका काल्पनिक डोंगरी किल्ल्यापासून होतो, ही बाब लक्षणीय आहे. रा. भि. गुंजीकर यांच्या 'मोचनगड' (१८७१) या कादंबरीतील काळ शिवकालीन असला, तरी गड मात्र लेखकाने निर्मिलेला आहे. पुढे रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी' (१९६८) या कादंबरीत प्रत्यक्ष इतिहासातील जावळी अवतरते. एक प्रदेश कल्पित, तर दुसरा वास्तव. तथापि दोहोंच्या चित्रणाचा विचार करता जावळीही वाचकाच्या मनात बहुतांशी कल्पित प्रदेश म्हणूनच रुजली आहे, असे म्हणावे लागते.

जावळीचे मोरे हे आदिलशाहीचे मांडलिक होत. 'चंद्रराव' हा त्यांचा वंशपरंपरागत किताब. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी जिंकली, त्यानंतर प्रतापगड उभा राहिला आणि १६५९ मध्ये अफझलखान प्रकरण याच परिसरात घडले. हा घटनाक्रम कादंबरीला नाट्य पुरवितो. मात्र त्यामुळे निबिड अरण्य, खोल दऱ्या व धुके ही नायकाच्या पराक्रमाची कसोटी एवढ्याच अर्थाने उरतात. वस्तुतः जावळीची दुर्गमता केवळ निसर्गदत्त नव्हती. कोकणातील बंदरे व देश यांना जोडणाऱ्या घाटवाटांवरील नियंत्रण हे तिचे राजकीय व आर्थिक मर्म होते. बाहेरच्यास जे दुर्गम, तेच मोऱ्यांचे सामर्थ्य होते. त्या डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकविणाऱ्यांना आणि गुरे राखणाऱ्यांना तर ते केवळ घर होते. हा तिसरा दृष्टिकोन ऐतिहासिक कादंबरीत क्वचितच आढळतो.

या उणिवेचे गांभीर्य कोयनेच्या खोऱ्यात अधिक जाणवते. महाबळेश्वरी उगम पावणारी कोयना जावळीच्या मुलखातून दक्षिणेस वाहत कोयनानगरपर्यंत येते. १९६० च्या दशकात धरण पूर्ण होऊन शिवसागर जलाशयाखाली या खोऱ्यातील अनेक गावे गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने उरलेला परिसर हादरला. पुढच्याच वर्षी 'श्रीमान योगी' प्रसिद्ध झाली. ज्या काळात वाचक जावळीच्या अरण्यात रमत होता, त्याच काळात त्या अरण्याच्या कुशीतील माणसे सपाटीवरील परक्या गावांत नव्याने चूल मांडत होती. हा योगायोग आहे, त्याचा दोष कादंबरीकाराकडे जात नाही. परंतु ज्या प्रदेशात माणसे दिसतच नाहीत, तो रिकामा झाल्याचेही कोणास जाणवत नाही, हा धडा समीक्षेने त्यातून घ्यावयास हवा.

सारांश, गुंजीकरांचा गड काल्पनिक असल्याने तेथील रहिवाशांचा प्रश्न उद्भवत नाही. जावळीस ही सवलत देता येत नाही. यापुढील ऐतिहासिक कादंबरीचे मूल्यमापन करताना प्रदेश कोणाच्या नजरेतून पाहिला गेला, चढून येणाऱ्याच्या की तेथे नांदणाऱ्याच्या, हा निकष कथानक व भाषाशैली यांच्याइतकाच महत्त्वाचा मानावा लागेल.