सभ्य दिसणाऱ्या पेशींचा कर्करोग

कर्करोगाची पेशी म्हणजे वेडावाकडा आकार आणि मोठे, गडद केंद्रक, असे आपण वर्गात सांगतो. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ लॉरेन अ‍ॅकरमन यांचा १९४८ सालचा शोधनिबंध या समजुतीला धक्का देतो. तोंडातील चामखिळीसारख्या ज्या विरळ गाठीचे, म्हणजे व्हेरुकस कार्सिनोमाचे, वर्णन त्यांनी केले, तिच्या पेशी सूक्ष्मदर्शीखाली जवळजवळ निरोगीच दिसतात. बिंग फुटते ते तळाशी. तेथे रुंद, बोथट पेशीसमूह खालच्या ऊतींना रेटत जातात. निदान पेशीच्या रूपावर नव्हे, गाठीच्या सीमेवर ठरते. निबंधाचे मोठेपण आम्हाला यातच वाटते.

मात्र निबंध वाचून ही गाठ सौम्यच, असे धरून चालणे बरे नव्हे. १९८४ साली १०४ रुग्णांच्या अभ्यासात सुमारे पाचव्या हिश्शाच्या गाठींत नेहमीचा आक्रमक कर्करोगही दडलेला आढळला.

बुलढाणा जिल्ह्यात तंबाखू-चुना गालात धरणारे थोडे नाहीत. अशा गालातील गाठीचा वरवरचा तुकडा तपासला, तर तळ दिसतच नाही. ‘कर्करोग आढळला नाही’ हा अहवाल त्या तुकड्यापुरता खरा असतो, आणि रुग्ण निर्धास्त घरी जातो. तुकडा खोल, कडेसकट घ्यावा लागतो. गाठ वाढत राहिली, तर पुन्हा घ्यावा लागतो.